स्प्रिंगांखालचे वजन : आपल्या वेगवान प्रवासी गाड्यांच्या विद्युत एंजिनांची कथा



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे ते आमचे सर आम्हांला विज्ञान शिकवीत. वर्गातले विज्ञान त्यांना अपुरे वाटे. एकदा ते आम्हां मुलांना ग्वाल्हेरच्या स्थानकावर घेऊन गेले. त्या काळी वाफेची एंजिने होती. एक मेलगाडी फलाटावर न थांबता धडधडत निघून गेली, पायांखालची फरशी हादरली आणि सर म्हणाले, "एंजिनाकडे सगळेच पाहतात. रुळाला काय वाटत असेल, ते सांगा." आम्ही हसलो. त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हांपैकी कोणालाही आले नाही. आज मी जे सांगणार आहे, ते त्या प्रश्नाचे फार उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

मी अभियंता नव्हे. इतिहासाचा विद्यार्थी आहे. परंतु यंत्रांनाही इतिहास असतो आणि तो बहुधा लढायांच्या इतिहासापेक्षा अधिक प्रामाणिक असतो, कारण यंत्र खोटे बोलत नाही. रूळ वाकला तर तो वाकलेला दिसतो.

ग्वाल्हेरकरांना आगगाडीचे कौतुक नवे नाही. जयविलास राजवाड्यातील जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची चिमुकली गाडी आपण सर्वांनी पाहिली आहे, आणि दोन फूट रुंदीच्या रुळांवरून श्योपूरकडे जाणाऱ्या आपल्या नॅरोगेज गाडीचा प्रवास ज्यांनी केला आहे, असेही बरेच जण येथे असतील. ती गाडी २०२० मध्ये बंद पडली. ती सावकाश धावे, आणि तिच्याविषयी कोणाची तक्रारही नसे. पण आजचा विषय त्याच्या उलट आहे. प्रवासी गाडी अधिक वेगाने ओढणारे विजेचे एंजिन आपल्या देशात कसे घडले, त्याला इतका काळ का लागला आणि तो काळ सर्वस्वी वाया गेला का, याचा मी विचार करणार आहे.

आरंभ मुंबईपासून करावा लागेल. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धावली. १,५०० व्होल्टचा दिष्ट प्रवाह वरच्या तारेतून घेऊन ती चाले. पुढे हीच तार घाट चढून पुण्यापर्यंत गेली, आणि १ जून १९३० रोजी 'दख्खनची राणी' सुरू झाली. तिच्या दिमाखाविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. तिच्यासारख्या गाड्या ओढणाऱ्या एंजिनाविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आधी वेगवेगळ्या घडणीचे नमुने मागवून चाचण्या घेतल्या आणि त्यांतून 'ईए-१' या नावाचे एंजिन निवडले. त्याची विजेची बाजू इंग्लंडमधील मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीची आणि यांत्रिक घडण स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील कारखान्याची होती. शक्ती होती २,१६० अश्वशक्ती. या एंजिनाची मेख अशी, की त्याच्या मोटरी चाकांच्या आसांवर टांगलेल्या नव्हत्या; त्या वर, एंजिनाच्या मुख्य चौकटीत, स्प्रिंगांच्या आधारावर बसवल्या होत्या. मोटरीची फिरकी चाकापर्यंत पोचवणारी लवचीक यंत्रणा विंटरथूरच्या अभियंत्यांनी तयार केली होती. ही गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

मोटर कोठे बसवली याला एवढे महत्त्व का, हे आता थोडे सांगतो. येथे शब्दांचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपण 'बोगी' म्हणतो ती डब्याला. कारखान्याच्या भाषेत बोगी म्हणजे डब्याखाली किंवा एंजिनाखाली असलेली, चाके, आस आणि स्प्रिंगा बाळगणारी वळती चौकट. मी पुढे बोगी हा शब्द याच अर्थाने वापरणार आहे. एंजिनाचे बहुतेक वजन या चौकटीतील स्प्रिंगांवर तोललेले असते. रुळाच्या सांध्यावर चाक आपटले, तर वरचे वजन स्प्रिंगांमुळे सावकाश हालते; रुळाला त्याचा धक्का एकदम बसत नाही. पण स्प्रिंगांच्या खाली जे काही असते, म्हणजे चाक, आस आणि त्यांवर टेकलेले जे असेल ते, ते सारे हातोड्यासारखे सरळ रुळावर आदळते. वेग जसा वाढतो तसा हा हातोडा जड होत जातो.

मोटर बसवण्याची स्वस्त आणि सोपी रीत अशी, की तिची एक बाजू आसावरच टेकवायची आणि दुसरी बाजू बोगीच्या चौकटीला अडकवायची. मोटरीचे दात थेट आसावरच्या दंतचक्रात बसतात. मध्ये कोणतीही नाजूक यंत्रणा लागत नाही. दुरुस्ती सोपी, किंमत कमी. मात्र मोटरीचे सुमारे अर्धे वजन स्प्रिंगांखाली जाते. मालगाडीला त्याचे काही वाटत नाही. ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाला रूळ हे सहन करतो. प्रवासी गाडीला शंभरापलीकडे न्यायचे ठरवले, की हे स्प्रिंगांखालचे वजन आपला हिशेब मागू लागते. सरांच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. रुळाला एंजिनाचे एकूण वजन जाणवते खरे, पण दुखते ते स्प्रिंगांखालचे वजन.

स्वातंत्र्यानंतर रेल्वेपुढे मोठा निर्णय होता. मुंबईतील १,५०० व्होल्टची पद्धत देशभर न्यावी, की दुसरी निवडावी? फ्रान्समध्ये त्या सुमारास २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह वापरून गाड्या चालवण्याचे प्रयोग यशस्वी झाले होते. दाब जास्त असल्याने तार बारीक चालते, वीजउपकेंद्रे दूरदूर ठेवता येतात, खर्च वाचतो. १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने हीच पद्धत स्वीकारली आणि त्यासाठी फ्रेंच रेल्वेचे मार्गदर्शन घेतले. एंजिनात रोहित्र बसवून दाब उतरवायचा, प्रवाह दिष्ट करून घ्यायचा आणि तो मोटरींना द्यायचा, अशी ही योजना होती. १९५९ मध्ये युरोपातील कंपन्यांच्या एका गटाकडून आलेली 'डब्ल्यूएएम-१' एंजिने या पद्धतीवर प्रथम धावली. त्यांत प्रवाह दिष्ट करण्याचे काम पाऱ्याच्या वाफेची भांडी करीत.

येथे अक्षरांचा खुलासा केलेला बरा, कारण पुढे ही नावे वारंवार येतील. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज. ए म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह आणि सी म्हणजे दिष्ट प्रवाह. एम म्हणजे माल व प्रवासी दोन्हींसाठी, जी म्हणजे मालासाठी, पी म्हणजे प्रवाशांसाठी. शेवटचे ते 'पी' अक्षर प्रत्यावर्ती प्रवाहाच्या एंजिनाला मिळायला १९८० साल उजाडले.

ज्या फ्रेंचांचा आपण सल्ला घेतला त्यांनीच मार्च १९५५ मध्ये दोन विद्युत एंजिनांनी ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाचा विक्रम केला होता. नैर्ऋत्य फ्रान्समधील लांद प्रदेशातील सरळ मार्गावर, २८ आणि २९ तारखेस, 'सीसी ७१०७' आणि 'बीबी ९००४' ही ती दोन एंजिने धावली. जगाने ताशी ३३१ किलोमीटर हा आकडा वाचला आणि टाळ्या वाजवल्या. गाडी गेल्यानंतर तिच्या मागे राहिलेल्या मार्गाचे एक छायाचित्र आहे. त्यात रूळ सापासारखे वाकलेले दिसतात. ते छायाचित्र बऱ्याच काळपर्यंत लोकांपुढे आले नाही. विक्रम एंजिनाने केला, किंमत रुळाने मोजली.

आपल्याकडे एंजिने घडवण्याचे काम बंगालच्या सीमेवरील चित्तरंजन येथील कारखान्यात होत असे. १९५० मध्ये तेथे वाफेची एंजिने बनू लागली. तेथील पहिले विजेचे एंजिन १४ ऑक्टोबर १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते रुळावर आले. ते मुंबईच्या दिष्ट प्रवाहासाठी होते आणि त्याचे नाव 'लोकमान्य' ठेवले होते. टिळकांचे नाव बंगालमधील कारखान्याने आपल्या पहिल्या विद्युत एंजिनाला द्यावे, ही गोष्ट मराठी माणसाला आजही सुखावते. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९६३ मध्ये, प्रत्यावर्ती प्रवाहाचे पहिले स्वदेशी एंजिन तेथून निघाले. त्याचे नाव 'बिधान'. ते मालगाडीचे होते. त्या काळाची गरजच तशी होती. कोळसा, लोखंड आणि धान्य वेळेवर पोचणे देशाला अधिक निकडीचे होते.

लखनौ येथे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेने आणि चित्तरंजनने मिळून १९७० मध्ये 'डब्ल्यूएएम-४' हे एंजिन तयार केले. परदेशी आराखडा न घेता आपण स्वतः आखलेले हे एंजिन. पाऱ्याच्या भांड्यांच्या जागी सिलिकॉनचे रेक्टिफायर आले. शक्ती ३,६४० अश्वशक्ती, सहा आस, सहा मोटरी. बोगी मात्र वाराणसीच्या डिझेल एंजिनाची, म्हणजे मुळात अमेरिकन आराखड्याची, जशीच्या तशी घेतली. मोटरी अर्थात आसावर टेकलेल्या. माल आणि प्रवासी दोन्ही ओढता यावे म्हणून केलेली ही तडजोड होती. आणि ती यशस्वी झाली. या एंजिनांची संख्या पुढे पाचशेच्या घरात गेली. आपल्यापैकी ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत विजेच्या मार्गांवर लांबचा प्रवास केला, त्यांना बहुधा याच एंजिनाने पोचवले आहे. त्याचा कमाल वेग ताशी १२० किलोमीटर होता. पण त्या वेगाला त्याची बोगी आडवी झुलू लागे, आणि अशा एंजिनाला वेगवान गाडीपुढे रोज लावणे मार्गाच्या दृष्टीने परवडणारे नव्हते.

त्याच सुमारास वेगाची हवा देशात आली होती. आपल्याकडे मेलगाड्यांचा कमाल वेग दीर्घकाळ ताशी साठ मैलांवर, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आतच, अडकला होता. साठच्या दशकात लखनौच्या संशोधकांनी मार्ग, डबे आणि एंजिने यांच्या चाचण्या घेऊन तो १२० पर्यंत नेण्याची तयारी केली आणि मार्च १९६९ मध्ये दिल्ली-हावडा राजधानी एक्सप्रेस सुरू झाली. सुमारे १,४५० किलोमीटरचे अंतर १७ तास २० मिनिटांत! ती डिझेल एंजिनाने ओढली जाई. दिल्ली-हावडा मार्गाचे विद्युतीकरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. तारा तयार होत्या. परंतु त्यांखाली राजधानी ओढण्यासाठीच म्हणून घडवलेले एंजिन आपल्यापाशी नव्हते.

ते १९८० मध्ये आले. 'डब्ल्यूएपी-१'. या एंजिनाकडे मी श्रोत्यांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण आपल्या अभियंत्यांनी काय बदलले आणि काय बदलले नाही, हे त्यात स्पष्ट दिसते. शक्ती सुमारे ३,८०० अश्वशक्ती. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या डब्ल्यूएएम-४ पेक्षा किंचितच जास्त. मोटरी त्याच फ्रेंच आराखड्याच्या. मग वेग कोठून आला?

पहिला बदल दातांचा. डब्ल्यूएएम-४ मध्ये मोटरीच्या लहान चक्राला १५ दात आणि आसावरच्या मोठ्या चक्राला ६२. चाक एकदा फिरले, की मोटर चार वेळांहून थोडी अधिक फिरणार. ओढण्याला हे उत्तम. पण गाडी वेगात असताना मोटर भणाणून जाते. डब्ल्यूएपी-१ मध्ये हे प्रमाण २१ आणि ५८ असे केले. आता चाकाच्या एका फेऱ्याला मोटर पावणेतीन वेळाच फिरू लागली. सायकलचा गिअर बदलण्यासारखी ही गोष्ट आहे. चढावर जड वाटेल, सपाटीवर पळेल.

दुसरा आणि खरा बदल बोगीचा. डिझेलची उसनी बोगी काढून टाकून 'फ्लेक्सिकॉइल' या जातीची नवी बोगी बसवली. तिच्या उभ्या गुंडाळीच्या स्प्रिंगा केवळ वरखाली दबत नाहीत. त्या थोड्या आडव्याही झुकतात आणि पुन्हा सरळ होतात. त्यामुळे एंजिनाचा देह रुळावर आडवा आपटण्याऐवजी सावकाश सावरला जातो. एकटे डब्ल्यूएपी-१ अठरा डब्यांची राजधानी ताशी १२० किलोमीटरपर्यंत ओढू लागले.

मोटरी मात्र आसावरच राहिल्या. यावर टीका करणे सोपे आहे. टीका करण्यापूर्वी इंग्लंडकडे पाहावे. तेथे लंडन ते मँचेस्टर आणि लिव्हरपूल या मार्गासाठी आरंभी आणलेल्या विद्युत एंजिनांत मोटरी स्प्रिंगांवर तोललेल्या होत्या. ती यंत्रणा महाग आणि कटकटीची वाटली, म्हणून १९६५-६६ मध्ये बांधलेल्या शंभर एंजिनांत मोटरी आसावर टेकवण्यात आल्या. ती एंजिने ताशी शंभर मैलांनी धावू लागली आणि थोड्याच काळात मार्गाची दुर्दशा झाली. मग त्यांपैकी कित्येकांना कोणता उपाय केला? फ्लेक्सिकॉइल स्प्रिंगा आणि लवचीक चाके! आणि १९७३ पासून जी पुढची एंजिने बांधली, त्यांत मोटरी पुन्हा वर उचलून बोगीच्या चौकटीत नेल्या. म्हणजे श्रीमंत देशाने पैसे वाचवले, दंड भरला आणि दहा वर्षांच्या आत चूक सुधारली. आपण त्या उपायातला अर्धा भाग उचलला. उरलेल्या अर्ध्यासाठी आपल्याला पंधरा वर्षे थांबावे लागले.

ती पंधरा वर्षे रिकामी गेली नाहीत. १९८७ च्या सुमारास बोगीत सुधारणा करून ताशी १४० किलोमीटरच्या उद्देशाने 'डब्ल्यूएपी-३' ही आवृत्ती काढण्यात आली. १९८८ मध्ये दिल्लीहून ग्वाल्हेरमार्गे झाशीपर्यंत देशातील पहिली शताब्दी एक्सप्रेस सुरू झाली, त्या वेळी रेल्वेचे राज्यमंत्री माधवराव शिंदे होते, हे या शहरात सांगण्याची गरज नाही. पुढच्या वर्षी ती भोपाळपर्यंत गेली. दिल्ली ते आग्रा या टप्प्यात तिला ताशी १४० किलोमीटरची परवानगी होती. सकाळी दिल्ली सोडून कामे उरकून रात्री परत जाता येते, हे आपल्या शहराला त्या गाडीने प्रथम दाखवले. आमच्या पिढीला आग्रा म्हणजे अर्धा दिवस वाटे.

पण एका शताब्दीने देश हालत नाही. खरी अडचण दुसरीच होती. गाड्या लांबत चालल्या होत्या. अठरा डबे पुरेनात. बावीस, चोवीस डब्यांच्या मेलगाड्या धावू लागल्या आणि ३,८०० अश्वशक्तीचे एंजिन त्यांना घेऊन स्थानकातून निघता निघता दमू लागले. यावर चित्तरंजनने नव्वदच्या दशकाच्या आरंभी जे उत्तर शोधले ते 'डब्ल्यूएपी-४'. जपानच्या हिताची कंपनीच्या आराखड्याची अधिक दणकट मोटर, ५,४०० केव्हीएचे मोठे रोहित्र, दातांचे प्रमाण २३ आणि ५८, एकूण शक्ती सुमारे ५,००० अश्वशक्ती. वजन ११३ टनांच्या जवळ. कमाल वेग ताशी १४०. चाचणीत ते १६९.५ पर्यंत गेले. यात नवल वाटावे असे एकही तंत्र नव्हते. चालकापुढचे चक्र फिरवून रोहित्राच्या ३२ पायऱ्या एकेक करून चढायच्या, ही जुनीच पद्धत होती. मोटरीत कार्बनचे ब्रश होते. ते झिजत आणि बदलावे लागत. पण हे एंजिन देशातल्या कोणत्याही शेडमधला कारागीर उघडून दुरुस्त करू शके. २०१५ पर्यंत अशी साडेसातशेहून अधिक एंजिने बांधली गेली. एखाद्या यंत्राने किती माणसांचा प्रवास सुकर केला, हा निकष लावला, तर आपल्या देशात या एंजिनाच्या जवळपास येणारी नावे फार थोडी निघतील. तरी त्याचे नाव कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

याच काळात रेल्वेने दुसरा मार्गही धरला. १९९३ मध्ये एबीबी या कंपनीशी करार झाला : काही एंजिने तयार आणायची आणि ती घडवण्याचे तंत्र चित्तरंजनला शिकवायचे. करार दोन एंजिनांचा होता. मालासाठी डब्ल्यूएजी-९ आणि प्रवाशांसाठी 'डब्ल्यूएपी-५'. परदेशी तंत्रावर एवढा पैसा घालावा का, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो विचारणे योग्यच होते. स्वतःच्या हाताने तीस वर्षे पायरी-पायरीने चढलेल्या माणसाला एकदम शिडी आणून द्यावी, तसे ते होते.

डब्ल्यूएपी-५ चे मूळ स्वित्झर्लंडच्या 'आरई ४६०' या एंजिनात आहे. १९९१ पासून स्विस रेल्वेवर आलेल्या त्या एंजिनाची विजेची बाजू एबीबीची आणि यांत्रिक घडण विंटरथूरच्या त्याच कारखान्याची, ज्याने १९३० च्या आगेमागे मुंबई-पुणे मार्गासाठी ईए-१ घडवले होते. इतिहासाच्या अभ्यासकाला असे धागे फार आवडतात. पण ते फार ताणू नयेत. आपले एंजिन स्विस एंजिनाची नक्कल नव्हे. आपले ब्रॉडगेज वेगळे, बोगीची घडणही वेगळी. तरीही एक गोष्ट उरतेच. मोटर रुळाच्या मारापासून उचलून स्प्रिंगांवर ठेवावी, हा जो विचार भोर घाट चढणाऱ्या एंजिनात होता, तो आपल्या प्रवासी एंजिनात परत यायला पासष्ट वर्षे लागली.

१९९५ मध्ये ही एंजिने आली. वजन ७८ टन, आस फक्त चार. डब्ल्यूएपी-४ पेक्षा पस्तीस टनांनी हलके आणि तरी शक्ती अधिक : आरंभी सुमारे ५,४०० अश्वशक्ती, पुढे ६,०००. येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. एका आसावर पडणारा भार दोन्ही एंजिनांत जवळजवळ सारखाच आहे, एकोणीस टनांच्या आसपास. काट्यावर तोलून पाहिले, तर रुळाला फरक कळू नये. फरक आहे तो त्या एकोणीस टनांपैकी किती वजन स्प्रिंगांखाली आहे, यात. मोटरीही नव्या जातीच्या होत्या. इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी तीन फेजांचा प्रवाह तयार करून तो त्यांना पुरवला जातो. त्यांत ब्रश नसतात, आणि जुन्या मोटरीहून बऱ्याच हलक्या असूनही त्यांची शक्ती दीडपटीहून अधिक असते. मोटर इतकी हलकी झाली, म्हणून तिला वर टांगणे सोपे झाले. गाडी थांबवताना याच मोटरी उलट काम करून वीज तयार करतात आणि ती तारेत परत जाते. ठरवलेला वेग ताशी १६०, चाचणीत १८४.

आता मुद्द्याची गोष्ट. ताशी १६० किलोमीटर धावणारे एंजिन १९९५ मध्ये देशात आले. ताशी १६० किलोमीटर धावणारी पहिली गाडी केव्हा सुरू झाली? ५ एप्रिल २०१६ रोजी. हजरत निजामुद्दीन ते आग्रा धावणारी गतिमान एक्सप्रेस, १८८ किलोमीटर शंभर मिनिटांत, आणि तिच्यापुढे एंजिन होते तेच : डब्ल्यूएपी-५. मधल्या एकवीस वर्षांत भोपाळ शताब्दीचा वेग २००६ मध्ये दीडशेवर गेला, एवढीच प्रगती. एंजिन तयार होते. तयार नव्हती ती सिग्नलांची व्यवस्था, रुळांशेजारची कुंपणे, फाटके आणि वळणे. आपल्या चर्चा एंजिनावर होतात, कारण एंजिन दिसते. ज्या मार्गाने वेग सोसायचा, त्याच्या खडीची आणि सांध्यांची बातमी होत नाही. माझी तक्रार विदेशी तंत्र आणण्याविषयी नाही. ते आणून एकवीस वर्षे त्याची बहुतेक क्षमता न वापरता ठेवली, याविषयी आहे.

दुसऱ्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली नाही, तर अन्याय होईल. चित्तरंजनने ते तंत्र आत्मसात केले आणि २००० मध्ये 'नवोदित' या नावाचे पहिले स्वदेशी डब्ल्यूएपी-५ बाहेर काढले. परंतु त्याच वर्षी तेथील मंडळींनी आणखी एक काम केले. मालगाडीच्या डब्ल्यूएजी-९ चे दात बदलून 'नवकिरण' हे डब्ल्यूएपी-७ बनवले. सहा आस, १२३ टन, सहा हजारांहून अधिक अश्वशक्ती. मोटरी पुन्हा आसावर! शुद्ध तंत्राच्या दृष्टीने हे पाऊल मागे टाकल्यासारखे वाटेल. पण चोवीस डब्यांची गाडी स्थानकातून झटकन उचलायची, तर चार आसांचे हलके एंजिन घसरते. सहा आसांचे जड एंजिन पकड सोडत नाही. आपल्या गाड्या लांब आहेत, कारण आपली माणसे पुष्कळ आहेत. ताशी ११० ते १३० ही मर्यादा पत्करून भरपूर माणसे वेळेवर नेणारे एंजिन त्यांनी पसंत केले. पुढील वर्षांत राजधान्यांपासून साध्या मेलगाड्यांपर्यंत सर्वत्र तेच दिसू लागले. डब्ल्यूएएम-४ ते डब्ल्यूएपी-४ या प्रवासात हातांना जी सवय लागली होती, म्हणजे आहे त्या यंत्राचा एखादाच भाग बदलून हवे ते काम करून घेण्याची, तीच येथे उपयोगी पडली. ही सवय नसती, तर परदेशी आराखडा आपण फक्त उतरवून घेतला असता. म्हणून मी त्या संथ वर्षांना वाया गेलेली वर्षे म्हणायला तयार नाही. त्यांनी वेग दिला नसेल, पण हात दिले.

गतिमान एक्सप्रेस २०१८ च्या फेब्रुवारीत ग्वाल्हेरपर्यंत आली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाशीपर्यंत गेली. तिचा तो १६० चा वेग आग्र्यापर्यंतच्या मार्गासाठी होता, हे आपण प्रवाशांनी अनुभवले आहे. २०१९ पासून आलेल्या वंदे भारत गाड्यांना तर स्वतंत्र एंजिनच नाही. मोटरी डब्यांखालीच वाटून दिलेल्या आहेत. २०२३ च्या एप्रिलपासून तशी गाडी आपल्या स्थानकावरूनही जाऊ लागली. तेव्हा पुढे लावायच्या एंजिनाचा काळ संपला, असे काहींनी लिहिले.

३० डिसेंबर २०२३ रोजी दोन नव्या जातीच्या गाड्या सुरू झाल्या. त्यांना अमृत भारत एक्सप्रेस असे नाव दिले आहे. त्यांत वातानुकूलित डबे नाहीत. सर्वसाधारण आणि शयनयान श्रेणीचे प्रवासी त्यांतून जातात. या गाडीच्या पुढे एक आणि मागे एक, अशी दोन एंजिने असतात. एक ओढते, दुसरे ढकलते. दोन्ही एंजिने चित्तरंजनची, निमुळत्या तोंडाची डब्ल्यूएपी-५ आहेत. राजधानी-शताब्दीसाठी म्हणून स्वित्झर्लंडहून आलेले ते घराणे आता दरभंग्याहून दिल्लीला कामधंद्यासाठी जाणाऱ्या माणसाच्या गाडीला लागले आहे.